खारवाला धर्माजी

राई गावात नुसतं 'धर्माजी' म्हणून हाक मारून भागायचं नाही. त्या नावाचे बाप्ये गावात चांगले मूठभर होते. 'खारवाला धर्माजी' म्हटलं की मात्र शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवायचं. तो काय, विहिरीच्या पलीकडचं कौलारू घर, दारात बैलजोडी आणि वळचणीला खोचलेली बांबूची नळी. ती नळी म्हणजे त्याच्या दारावरची पाटीच म्हणा ना.

आता खारवाला म्हणजे काय, हे अलीकडे इथे राहायला आलेल्यांना सांगायला हवं. तेव्हा, साठ-सत्तरच्या सालांत, भाईंदरच्या रुळांच्या दोन्ही अंगांना मिठागरं पसरलेली होती. भर दुपारी त्या पांढऱ्या राशींकडे बघवत नसे. मीठ काढलं, सुकवलं, गोण्यांत भरलं की बैलगाडीतून स्टेशनच्या धक्क्याला न्यायचं. गाड्यांचे बैल तिथे उन्हात ताटकळायचे, तहानेने कासावीस व्हायचे आणि मालकाची पाठ फिरली की मिठागरातलं कडू पाणी पिऊन घ्यायचे, नाहीतर गोण्या चाटत राहायचे. मग घरी आल्यावर बैलाची लाळ थांबायची नाही, पाय लटपटायचे, डोळे असून त्याला दावणीचा खुंटा दिसायचा नाही. याला आमच्याकडे 'खार लागला' म्हणतात. वेळेत कुणी भेटलं नाही तर बैल आडवाच व्हायचा.

यावर धर्माजीकडे इलाज होता. गुळाचं पाणी नळीने घशात ओतायचं, पण घोट घोट. भसकन पाजलं तर बैल जागीच मरतो. आणि मधूनमधून उजवा हात तोंडात पार आत घालून जीभ, टाळा, घसा हळद आणि उंडीच्या तेलाने चोळायचा. बापाने, म्हणजे काळूरामने, शिकवलेलं एवढंच. गुण यायचा, खोटं कशाला बोला? मेला म्हणून सोडलेले बैल सकाळी उठून वैरण मागताना मी पाहिलेत. औषधाचा पैसा घेतला तर हाताचा गुण जातो, ही बापाची ताकीद, त्यामुळे धर्माजी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचा नाही. हाक आली की बाही वर सारायची आणि निघायचं. जेवत असला तरी, तापाने फणफणला असला तरी.

मंजुळाला हे लग्नाच्या मांडवातच कळलं. ती रुळांच्या पलीकडची, नवघरची. लग्न लागलं, धवलारीण लग्नाचे धवले गात होती, पंगत बसायला आली होती, आणि मोर्व्याचा एक माणूस धापा टाकत मांडवात शिरला. बैलाला खार लागलाय म्हणाला. नवरदेव उठला की! बायका ओरडल्या, सासऱ्याने डोळे वटारले, करवली रडायला लागली. हा मुंडावळ्या सोडून मामाच्या हातात देऊन चालू पडला. परत आला तेव्हा कोपरापर्यंत पिवळा होता, आणि ती हळद काही लग्नाची नव्हती. तसाच येऊन बायकोशेजारी जेवायला बसला. नवऱ्याशी बोललेलं मंजुळाचं पहिलं वाक्य कुठलं असेल? "हात धुवा आधी!"

"धुतला गो. मिठागरात बुचकलला. खाऱ्या पान्यात काय बी जगत न्हाय."

मंजुळाने वास घेतला आणि पान घेऊन चार हात लांब बसली. वऱ्हाड हसून हसून लोळलं. ती पुढे कित्येक वर्षं त्याला हेच ऐकवायची, "माझ्या लग्नात बैल माझ्या आधी जेवला." आणि धर्माजी म्हणायचा, "पन जगला ना गो?"

संसार बरा झाला. दोन मुली झाल्या, नांदायला गेल्या. माणसाचं आणि बैलाचं औषध त्या घरात एकाच फळीवर असायचं. उंडीचं तेल बैलाच्या खांद्याला, तेच धर्माजीच्या हाताला. मीठ ओढणाऱ्या माणसाचे हात तुम्ही पाहिले नसतील. भेगा पडतात, उन्हाळ्यात त्या उकलतात, आतलं लाल दिसतं. मंजुळा त्या भेगांत तेल भरायची आणि बडबडायची, आणि धर्माजी डोळे मिटून बसायचा. कुणाला काही झालं तर आधी हळद, मग तेल, मग देव, आणि अगदीच नाइलाज झाला तर दवाखाना. सगळ्या गावाचं असंच होतं, तेव्हा एकट्या धर्माजीला कशाला नावं ठेवायची?

मग ते साल आलं. बांगलादेशची लढाई झाली त्याच्या आधीचा शिमगा. मिठाचा ऐन हंगाम. नाथा म्हणून धर्माजीचाच भावकीतला गाडीवाला, त्याचा पवळ्या बैल लाळ गाळायला लागला. नाथा धावत आला. धर्माजीने नळी घेतली, मंजुळा गुळाच्या पाण्याची कासंडी घेऊन मागोमाग गेली.

पवळ्या गोठ्यात उभा होता, मान ताणून. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. मधूनच हंबरायचा, पण तो आवाज बैलाचा वाटत नव्हता, घोगरा, फाटका. धर्माजीने नळी लावली. पाणी आत गेलं आणि तसंच नाकातून बाहेर आलं.

मंजुळा म्हणाली, "आवो, खार लागलेला बैल पान्यासाठी जीव टाकतो. यो तर गिळत बी न्हाय."

"घसा धरलाय त्याचा. आतून चोलला पायजे." धर्माजीने बाही आणखी वर सारली आणि हात घातला. उकललेल्या भेगांचा तो हात त्या लाळेत किती वेळ होता देव जाणे. एकदा, दोनदा, पुन्हा संध्याकाळी. दुसऱ्या दिवशीही. बैलाने शेवटी त्याच्या मनगटावरून जीभ फिरवली आणि मान टाकली. धर्माजीच्या डोळ्यांत पाणी आलं. हातून बैल गेला की त्याचं असंच व्हायचं, दोन दिवस नीट जेवायचा नाही.

पवळ्याला खाडीकाठच्या खाजणात पुरलं. त्यावर आठवडा गेला असेल नसेल, सरकारी गुरांचा डॉक्टर गावात लस टोचायला आला. सगळी गुरं विहिरीपाशी आणली होती. नाथाचा एकच बैल बघून त्याने विचारलं, दुसरा कुठे? नाथाने सांगितलं, खाराने गेला. कसा कसा झाला, काय काय झालं, डॉक्टर खोदून खोदून विचारायला लागला. गिळत नव्हता म्हणता? आवाज बसला होता? आणि मग म्हणाला, "आधी त्याला काही चावलं होतं का? कुत्रं वगैरे?"

"कुत्रा न्हाय," नाथा म्हणाला. "संक्रांतीच्या टायमाला तिवरांतून कोला आयलेला. त्यानं तोंडाला धरला व्हता पवळ्याच्या. पन कोले काय, दर साली येतात चिंबोऱ्या खायला."

बघा आता! कोल्हा दिवसाउजेडी माणसांच्या वस्तीत शिरतो, दांडग्या बैलाच्या थोबाडाला डसतो, आणि कुणाला काही वाटत नाही. पिसाळतं ते कुत्रं, एवढंच लोकांना ठाऊक. कोल्हा पिसाळतो हे माहीत नाही, आणि कोल्ह्यामुळे बैल पिसाळतो हे तर ऐकलंच नव्हतं कुणी. त्यातून गाव मिठाचं. लाळ गाळणारा बैल दिसला की खार, दुसरं काही असूच शकत नाही.

डॉक्टरने सिरिंज खाली ठेवली. "तो खार नव्हता. तो बैल पिसाळला होता. त्याच्या तोंडात हात कुणी घातला?"

सगळ्यांनी धर्माजीकडे पाहिलं. डॉक्टरने त्याचा हात ओढून उलटासुलटा केला, भेगा पाहिल्या. "हे विष लाळेत असतं. उकललेल्या कातडीतून आत जातं. लगेच दिसत नाही, महिना-दोन महिने नुसतं दबा धरून बसतं. तोवर पोटात चौदा सुया घेतल्या तर माणूस वाचतो. एकदा का आजार दिसला, की मग जगात औषध नाही. आजच जा."

मंजुळाच्या हातातला पोहरा विहिरीत सुटला.

धर्माजी मात्र हसला. चारचौघांत हसला, आणि मंजुळाला तेच भोवलं असं मला आजही वाटतं. "डाक्तर, तुमी शिकलेलं हाव. पन खार मी काढतो. माझा बाप काढायचा. मी वलखनार न्हाय काय?" लोकांनी माना डोलावल्या. डोलावणारच. आज त्यांचे बैल जिवंत होते ते या माणसामुळे.

घरी आल्यावर मंजुळाने घर डोक्यावर घेतलं. रडली, भांडली, लेकींची शपथ घातली. शेवटी बाजारच्या दिवशी धर्माजी वैतागून म्हणाला, "चल बाय, दाखव एकदाचा तुझा डाक्तर."

भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या तोंडाशी एक दवाखाना होता. डॉक्टर गुजराथी. माणूस वाईट नव्हता, पण दारात ही गर्दी, आणि मराठी त्याला यथातथाच. कंपाऊंडर राघो रत्नागिरीकडचा, तो दुभाष्याचं काम करायचा, पण नेमका तेव्हा तो आतल्या खोलीत बाटल्या भरत होता.

डॉक्टरने विचारलं, "क्या हुआ? कुछ काटा?"

धर्माजीने दोन्ही तळवे पुढे केले. "काटा न्हाय साएब, चिरा हायत."

बाकावरची माणसं हसली. राघो बाहेर आला. "अहो, काटा म्हणजे चावलं का. कुणी चावलं का तुम्हाला, ते विचारतायत डॉक्टर."

"चावला? न्हाय."

"बैल व्हता, पिसाललेला," मंजुळा पदर सावरत पुढे झाली. "यांनी त्याच्या तोंडात हात—"

"बैल काटा?" डॉक्टरने धर्माजीकडे बघून विचारलं.

आता धर्माजीलाच हसू आलं. "बैल काय चावतो व्हय, साएब? त्याला वरचं दात तरी हायत काय?"

हे राघोने हिंदीत सांगितलं तेव्हा डॉक्टरही हसला. कुणी चावलंच नाही तर चौदा सुया कशाच्या? भेगांना लावायला मलम दिलं आणि पुढच्याला हाक मारली. झालं! वाटेत धर्माजी शीळ घालत चालला होता. "बग, तुझाच डाक्तर बोलला," म्हणाला. मंजुळा मलमाची डबी मुठीत आवळून मागून चालली.

पण ती अशी गप्प बसणारी नव्हती. दोन दिवसांनी मासळी विकायचं निमित्त करून ती एकटीच दवाखान्यात गेली आणि राघोला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गुरांचा डॉक्टर काय म्हणाला, लाळ, भेगा, सगळं. राघोने ऐकून घेतलं, मान खाजवली.

"वहिनी, ते लाळबीळ मला काय समजत नाय. पण इथे रीत अशी, चावला म्हटलं की डॉक्टर लगेच मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात धाडतो. तिथे सुया फुकट. तुम्ही त्यांना परत आणा आणि एवढंच बोलायला सांगा, बैल चावला. बास. एका शब्दाचा प्रश्न आहे."

एका शब्दाचा प्रश्न! मंजुळा अक्षरशः पळत घरी आली. वाटेत तिला वाटत होतं की आता सुटलो. नवरा हट्टी असेल, पण एवढा एक शब्द बोलायला त्याच्या बापाचं काय जातंय?

धर्माजी ओटीवर नळीला तेल लावत बसला होता. तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "न्हाय."

"का पन?"

"चावला न्हाय तर चावला कसा बोलू? मरताना हात चाटला त्यानं माझा, मंजुले. त्या मुक्या जनावरावर आल घेऊ मी?"

"ते मेलं! त्याला काय समजतंय आता?"

"मना समजतंय ना."

आणि तिथून तो हलला नाही. आता तुम्ही म्हणाल, काय सच्चा माणूस! मी म्हणतो, कप्पाळ सच्चा. खोटं बोलायचं नव्हतं हे खरं, पण निम्मं कारण निराळंच होतं. मुंबईला जाऊन चौदा सुया घ्यायच्या म्हणजे गावभर बोभाटा होणार. धर्माजीला खार आणि पिसाळ यातला फरक कळला नाही, असं लोक म्हणणार. मग उद्या कुणी त्याला बोलवेल? ज्या हाताने त्याला गावात नाव दिलं, तो हातच खोटा ठरला असता. हे तो मंजुळाला कधी बोलला नाही, पण तिला ते उमगलं होतं. उमगून करणार काय? तिने त्याचे पाय धरले, त्याने उठवून बसवलं. तिने चूल पेटवली नाही, त्याने स्वतः भात टाकला आणि तिलाही वाढला. धाकटी लेक डोंगरीहून येऊन रडून गेली. तिला म्हणाला, "आयस येडी झालीय तुझी, तू तरी येडी होऊ नको."

आणि मग, काय सांगायचं, हात बरा झाला. मलमाने म्हणा, तेलाने म्हणा, भेगा भरून आल्या. धर्माजी पहिल्यासारखा गोण्या उचलत होता, भावकीतल्या लग्नात नाचला, आणखी एक बैल खारातून काढला. तो बैल खरोखरच खाराचा होता, जगला. गावात पुन्हा वाहवा. मंजुळा रोज त्याचा हात उलटून बघायची. जखमच उरली नाही तर विष राहील कुठे, असं तिला वाटायला लागलं. वाटणारच हो. सारखं किती घाबरत राहील माणूस? एक दिवस तिने सुयांचं नाव काढायचं सोडून दिलं. तिला त्या दिवशी बरं झोपायला मिळालं, आणि पुढे त्या झोपेबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला धर्माजी म्हणाला, हाताला मुंग्या येतायत. बरा झालेला तोच हात. मिठाचा परिणाम, तो म्हणाला. अंगात कणकण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाने चहा दिला. त्याने कप तोंडाशी नेला आणि त्याचा गळा असा काही आवळला की कप उडून भिंतीवर फुटला. तो त्या सांडलेल्या चहाकडे बघत राहिला. मग पाण्याचा तांब्या उचलला. ओठांशी न्यायच्या आधीच हात लटलट कापायला लागला, मान मागे गेली. तांब्या खाली ठेवून तो भिंतीला टेकून बसला. तहान तर लागली होती, जीभ कोरडी पडली होती, आणि तोंडातून लाळ गळत होती.

"मंजुले," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "मना खार लागला गो."

मंजुळाने ऊर बडवून घेतला. तिच्या रडण्याने शेजारपाजार गोळा झाला. नाथा आला. माणसाला खार लागलेला कुणी पाहिला नव्हता, पण लाळ दिसत होती, थरथर दिसत होती. एवढे बैल काढले, शेवटी खाराने डाव साधला, असं कुणीतरी बोललंसुद्धा. नाथाला खरंच कळवळा आला होता. त्याने वळचणीची नळी ओढली, गूळ कालवला, आणि धर्माजीने आपल्या बैलाला जसं चोळलं तसंच आपणही चोळायचं म्हणून बाही वर सारून पुढे सरसावला.

धर्माजीने नळीकडे पाहिलं. गुळाच्या पाण्याकडे पाहिलं, आणि त्याचा गळा पुन्हा आवळला. पवळ्याच्या नाकातून परत आलेलं पाणी त्याला तेव्हा आठवलं असणार. काहीही म्हणा, त्या क्षणी त्याला कळलं. त्याने नाथाच्या हातावर असा फटका मारला की नळी दाराबाहेर गेली. "हात नको घालू! माझ्या तोंडात हात नको घालू कोनी!"

गाडी जुंपली. स्वतःच्याच बैलजोडीमागे धर्माजी गोधडी डोक्यावरून घेऊन बसला, कारण वारा तोंडावर आला तरी घसा आवळत होता. वाटेत खाडीचं पाणी दिसू नये म्हणून मंजुळाने त्याचे डोळे पदराने झाकले. ती त्याला शिव्या देत होती, देवाला देत होती, आणि मधूनच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दवाखान्यात तीच गर्दी होती. राघोने त्याला बघितलं आणि बाटली ठेवून उभाच राहिला. डॉक्टरने काही विचारायच्या आधीच धर्माजी बोलला. भिंतीला धरून, लाळ पुसत, स्पष्ट बोलला.

"चावला. साएब, बैल चावला मना. काटा. बैल काटा."

मुक्या जनावरावर आळ न घेणारा माणूस! तो शब्द त्याने तिथे किती वेळा उच्चारला. राघोचा हात धरून त्याला सांगितलं, बाकावरच्या माणसांना सांगितलं. चावला हो, खरंच चावला, आता द्या सुया. मंजुळा तोंडात पदर कोंबून उभी होती.

डॉक्टरने राघोला पेला भरून आणायला सांगितलं. पाणी नुसतं लांबून दाखवलं, आणि धर्माजीची जी अवस्था झाली ती बघून डॉक्टर खुर्चीत बसला. मग म्हणाला, "पहले क्यूं नहीं बोला?"

आता या प्रश्नाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा! मी तिथे असतो तर टेबल उलथलं असतं. मंजुळाने काही उलथलं नाही. तिने फक्त विचारलं, "सुया?" राघोने मान हलवली. आता सुयांचा उपयोग नव्हता. मुंबईला नेलं तर झोपेचं औषध देतील, दुसरं काही नाही. धर्माजीने ते ऐकलं. शेवटपर्यंत त्याला सगळं कळत होतं, त्या आजारात हेच फार वाईट आहे.

"घरी ने," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो आपल्या पायांनी गोठ्याशेजारच्या खोलीत गेला आणि तिला बाहेरून कडी लावायला सांगितली. ती लावेना. तेव्हा तो दाराआडून म्हणाला, आणि त्याला चक्क हसू येत होतं, "लाव गो. मी चावलो तुना, तर तू तरी बोलशील ना चावला म्हनून?"

तिने कडी लावली. दाराला पाठ टेकून बसली. आतून कधी शहाण्यासारखं बोलणं यायचं, शेंद्र्या बैलाच्या खांद्याला तेल लाव, धाकटीला आणू नको, आणि कधी तो पवळ्यासारखा घोगरा आवाज. तो आवाज आला की गोठ्यातले बैल दावी ओढायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. तिने कडी काढली, तेव्हा गावाने तिला धरून मागे ओढलं.

गावात आजही विचाराल तर सांगतील, धर्माजी खाराने गेला. आयुष्यभर बैलांचा काढलेला खार त्याच्या अंगात साठला होता म्हणे. मंजुळाने घसा फोडून सांगितलं, खार नव्हता, पिसाळ होता, लाळेतून आला. दुःखाने बाई बडबडते, असं म्हणून बायकांनी तिला पेज पाजली. नळी तिने चुलीत घातली.

पुढच्या हंगामात एक दिवस दुपारी नाथा अंगणात आला. खारी गावात एकाचा बैल लाळ गाळतोय म्हणाला. धर्माजीच्या मागे आता लोक त्यालाच बोलवत होते, त्याने धर्माजीला इतक्या वेळा बघितलं होतं ना. "वयनी, ती नळी दे."

"जालली."

"बरा. मग दुसरी तोडतो," नाथा म्हणाला. बांबूला काय तोटा?

मंजुळा उठून त्याच्या आडवी झाली. त्याचा उजवा हात तिने दोन्ही हातांनी धरला. भेगा उकलल्या होत्या, आतलं लाल दिसत होतं. "नाथा, पाया पडते तुझ्या. हात नको घालू तोंडात. गिलतो का बग आधी. हात नको घालू रे."

नाथाला तिची दया आली. त्याने हळूच हात सोडवून घेतला आणि लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "वयनी, येड्यासारखी काय करतेस? बैल काय चावतो व्हय?"

तो घाईत होता. बांधावरून जाताजाताच त्याने बाही कोपराच्या वर सारली.